जुनी थंडरबर्ड ३५० घेतलीय? किरकोळ बिघाड स्वतः शोधण्याची पद्धत

रॉयल एनफील्डने थंडरबर्ड ३५० चं उत्पादन २०२० मध्ये थांबवलं आणि तिच्या जागी मिटिऑर आणली. तरी सेकंडहँड बाजारात थंडरबर्डला गिऱ्हाईक आहेच. पुढे आलेले फूटरेस्ट, मागे ओढलेलं हँडल, २०१२ नंतरच्या मॉडेलला वीस लिटरची टाकी. पुण्याहून निघून ताम्हिणी उतरून कोकणात जायचं, दोन दिवस किनाऱ्याने हिंडायचं आणि परत यायचं, यासाठी इतकी आरामाची गाडी त्या पैशात दुसरी मिळणं अवघड आहे. अडचण अशी की हातात येते ती आठ-दहा वर्षं वापरलेली गाडी. ती बंद पडत नाही, पण छळते. सकाळी नखरे करते, ऐंशीला हँडल थरथरतं, बॅटरी तीन दिवसांत उतरते. मेकॅनिककडे नेली की नेमकी शहाण्यासारखी वागते.

हा लेख २०१२ ते २०२० मधल्या, ३४६ सीसी, कार्ब्युरेटरवाल्या थंडरबर्डबद्दल आहे. तपासायचा क्रम मात्र कुठल्याही जुन्या टूरिंग गाडीला लागू पडतो.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. वापरलेल्या गाडीतली किरकोळ तक्रार बहुतेक वेळा आधीच्या कोणाच्या तरी हातातून आलेली असते. फॉगलाइटसाठी सोललेली वायर, मोठ्या आवाजाच्या हॉर्नसाठी घुसवलेला रिले (विजेवर चालणारा स्विच), जोर लावून आटे घालवलेला बोल्ट, कंपनीचा काढून बसवलेला फटफट्या सायलेन्सर. म्हणून कुठलाही पार्ट विकत घेण्याआधी गाडीच्या मूळ अवस्थेत कुठे फेरफार झालाय ते शोधा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

आधी नुसतं बघा

गाडी मेन स्टँडवर घ्या, सीट आणि दोन्ही साइड पॅनेल काढा, चांगल्या उजेडात बसा. अजून पाना हातात घ्यायचा नाही. वायरिंगवर बोट फिरवत जा. कारखान्यातून आलेल्या जोडाला कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा सॉकेट) असतो किंवा तो घट्ट गुंडाळलेला असतो. काळी चिकटपट्टी, पिळून जोडलेल्या वायरी, वेगळ्याच रंगाचा तुकडा दिसला की तो मागाहून केलेला जोड. प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो काढा. हेडलाइटच्या मागचा भाग आणि हँडल वळताना वायरी जिथे मुडपतात ती जागा विसरू नका; तिथे वायर वरून धड दिसते आणि आतली तार तुटलेली असते.

नंतर बोल्ट बघा. डोकं घासलेलं, रंग उडालेला किंवा बाकीच्यांपेक्षा नवा दिसणारा बोल्ट म्हणजे तो भाग उघडला गेलाय. शेवटी टायरच्या बाजूवर चार आकडे शोधा. २३१७ असेल तर टायर २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. नक्षी कितीही चांगली दिसो, इतक्या जुन्या रबरावर पावसात घाट उतरायचा नाही.

सामान फारसं लागत नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर, प्लगचा पाना, रिंग पान्यांचा आणि अ‍ॅलन कीचा संच, कार्ब क्लीनर, कॉन्टॅक्ट क्लीनर, एक पारदर्शक बाटली आणि वही. वहीत लिहायचं ते एवढंच: तक्रार कधी येते, गाडी थंड असताना की गरम, किती वेगाला, टाकी भरलेली असताना की अर्धी. मेकॅनिकला 'कधी कधी बंद पडते' असं सांगितलं तर तो अंदाजाने पार्ट बदलतो. 'गरम झाल्यावर, अर्ध्या टाकीला, अर्धा तास सलग चालवल्यावर' असं सांगितलं तर तो थेट जागेवर जातो.

आणि एका वेळी एकच बदल करायचा. प्लग, पेट्रोल आणि एअर फिल्टर एकाच दुपारी बदलले आणि गाडी सुधारली, तर बिघाड कशात होता ते कळत नाही. तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

स्टार्टर दाबल्यावर काय ऐकू येतं

कान दिलात तर अर्धं निदान इथेच होतं.

भराभर टकटकटक आवाज आला तर बॅटरीत दम नाही किंवा टर्मिनल सैल आहे. एकच 'टक' येऊन सगळं शांत झालं तर रिलेपर्यंत करंट पोचतोय, पुढे स्टार्टर मोटर, तिची जाड केबल किंवा अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिनाशी जोडणी) बघायचं. काहीच आवाज नाही तर किल स्विच, गिअर न्यूट्रलला आहे का आणि फ्यूज, या क्रमाने. मोटर घुर्रकन फिरते पण इंजिन फिरत नाही किंवा कडकड आवाज येतो, तर स्प्रॅग क्लचकडे, म्हणजे स्टार्टरची ताकद इंजिनाला देणाऱ्या एकतर्फी क्लचकडे, बोट जातं. हे काम घरचं नाही, पण त्याचं मूळ घरी टाळता येतं. बॅटरी अशक्त असताना पुन्हा पुन्हा बटण दाबलं की इंजिन उलटा झटका मारतं आणि तो झटका स्प्रॅग खातो. दोनदा दाबून इंजिन जड फिरतंय असं वाटलं तर थांबा. बॅटरी चार्ज करा, नाहीतर गाडी ढकलून सुरू करा.

बॅटरी आणि चार्जिंग

या गाडीच्या तक्रारींत इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, कारण लोक आधी बॅटरी बदलतात आणि मग मोजतात. क्रम उलटा करा.

पहिली पायरी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली. १२.२ च्या खाली असेल तर आधी पूर्ण चार्ज करा. उतरलेल्या बॅटरीवर केलेली पुढची मोजमापं फसवी निघतात.

दुसरी पायरी. मीटर तसाच ठेवून स्टार्टर दाबा. आकडा दहाच्या आसपास टिकला तर ठीक. भरलेली बॅटरी नऊच्या खाली कोसळली तर ती संपली, तेव्हाच नवी घ्या.

तिसरी पायरी. इंजिन सुरू करून रेस थोडी वाढवा. मीटरवर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. तेराच्या वर जातच नसेल तर चार्जिंग पोचत नाहीये. पंधराकडे धावत असेल तर रेक्टिफायर-रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा भाग) गेलाय, तो बॅटरी उकळवतो आणि बल्बही उडवतो. चार्जिंग कमी असेल तर नवा रेग्युलेटर आणायला पळू नका, आधी त्याचा कपलर उघडा. आतल्या पिना हिरवट किंवा प्लास्टिक तपकिरी झालेलं दिसेल. सैल पिनेतून करंट जाताना ती तापते, तापली की आणखी सैल होते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पिना हलक्या हाताने आवळा, पुन्हा मोजा. कपलर जळालेला असेल तर तो बदलायचा, वायरी पिळून थेट जोडायच्या नाहीत.

चौथी पायरी अर्थिंगची. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून स्टार्टर दाबा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थची केबल किंवा तिचा बोल्ट गंजलाय. बोल्ट काढा, खालचा रंग आणि गंज काचपेपरने घासा, घट्ट आवळा, वरून थोडं ग्रीस लावा. चिपळूण-रत्नागिरीकडच्या गाड्यांत हा गंज फार लवकर धरतो, खाऱ्या हवेमुळे आणि पावसामुळे. गाडी किनारपट्टीवरून घेतली असेल तर हे न मोजताही करून टाका.

उभ्या गाडीची बॅटरी तीन-चार दिवसांत उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे. चावी काढा, बॅटरीचा निगेटिव्ह सोडवा आणि मीटर अ‍ॅम्पिअरवर लावून तो खांब आणि केबल यांच्या मध्ये जोडा. घड्याळापुरते काही मिलिअ‍ॅम्पिअर दिसणं साहजिक आहे. पन्नास मिलिअ‍ॅम्पिअरच्या वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडतो त्या सर्किटमध्ये चोर आहे. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवू नका, स्टार्टरला तर हातही लावू नका, मीटरचा फ्यूज लगेच उडेल. फ्यूज काढूनही आकडा पडत नसेल तर चोर थेट बॅटरीवर बसलाय, म्हणजे मोबाइल चार्जर, अलार्म किंवा फॉगलाइटचा रिले. ते चावीनंतर सुरू होणाऱ्या लाइनवर घ्या आणि प्रत्येकाला स्वतःचा फ्यूज द्या. घाटात रात्री फॉगलाइट हवेतच, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण मूळ हार्नेस (वायरींचा जुडगा) कापून लावलेला फॉगलाइट एक दिवस हेडलाइटसकट अंधार करतो.

पेट्रोल, हवा आणि ठिणगी

मिसिंग (इंजिनाचा ठोका चुकणं), बॅकफायर (सायलेन्सरमधून फटाके), चोकशिवाय न टिकणं, चढावर दम तुटणं, या सगळ्याला लोक सरसकट 'कार्ब्युरेटर' म्हणतात. कार्ब्युरेटर शेवटी उघडायचा. त्याआधी चार गोष्टी.

पहिली, पेट्रोल. इग्निशन बंद, इंजिन थंड, आसपास विडी-सिगारेट नाही. पेट्रोलचा कॉक बंद करा, कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करा आणि येईल ते पारदर्शक बाटलीत घ्या. बाटली उजेडात धरून हलवा आणि दोन मिनिटं ठेवून द्या. चांगलं पेट्रोल एकसारखं स्वच्छ दिसतं. पाणी असेल तर तळाशी गोल थेंब लोळताना दिसतात किंवा वेगळा धुरकट थर बसतो. तपकिरी बारीक कण म्हणजे टाकीतला गंज. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पावसाळाभर अर्धी टाकी ठेवून उभी केलेली गाडी दसऱ्याला नखरे करते त्याचं हे मोठं कारण. महिनाभर गाडी काढायची नसेल तर टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवा आणि वाटी रिकामी करा. पेट्रोलचे रबरी पाइप बोटाने दाबून बघा. कडक, तडकलेले किंवा फुगलेले असतील तर आजच बदला.

दुसरी, टाकीचं झाकण. गाडी अर्धा तास छान चालते, मग गचके खात मरते, पाच मिनिटं थांबलात की परत सुरू होते. अशा वेळी मरतानाच टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' आवाज येऊन गाडी लगेच सुधारली तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा आत यावी लागते. भोक साफ करा, खर्च शून्य. याच तक्रारीपायी लोकांनी कॉइल बदललेली मी पाहिली आहे.

तिसरी, हवेची गळती. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर वयाने तडकतं. तिथून जादा हवा आत गेली की रेस आपोआप वर-खाली होते आणि सायलेन्सरमधून फटाके फुटतात. इंजिन आयडलला ठेवून त्या रबरावर स्प्रेच्या बाटलीने साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. आयडल बदलला तर तडा सापडला. काही जण इथे कार्ब क्लीनर मारतात. गरम इंजिनावर तो पेट घेऊ शकतो, पाणीच वापरा.

चौथी, ठिणगी. या इंजिनाला दोन प्लग आहेत, आणि त्यातला एक मेला तरी गाडी चालत राहते. फक्त पिकअप मंदावतो आणि ॲव्हरेज पडतं, म्हणून हा बिघाड महिनोन् महिने लपतो. तपास असा करायचा: इंजिन बंद करून एका प्लगची कॅप काढा, तिच्यात जादा प्लग खोचा आणि त्या प्लगचा धातू इंजिनाला घट्ट टेकलेला राहील असा बसवा. आता सुरू करा. गाडी दुसऱ्या प्लगवर थोडी मंद चालली पाहिजे. सुरूच होत नसेल तर तो दुसरा प्लग, त्याची कॅप किंवा कॉइल दोषी. मग हेच उलट बाजूने करा. कॅप नुसती उघडी लोंबत ठेवून स्टार्टर मारू नका, कॉइल आणि इग्निशन युनिटवर ताण येतो. बाहेर काढलेल्या प्लगचं टोक फिकट तपकिरी असेल तर उत्तम. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला, पांढरंफटक म्हणजे हवा जास्त. फटफट्या सायलेन्सर लावलेल्या गाडीत पांढरा प्लग हमखास दिसतो. मूळ सायलेन्सर परत लावा, हे मी मनापासून सांगतो. इंजिन थंड चालेल आणि गावागावांतून जाताना लोकही शिव्या घालणार नाहीत.

इतकं करूनही चोक बंद करताच गाडी मरत असेल आणि मोठ्या रेसवर मात्र ठीक चालत असेल, तर पायलट जेट (कमी रेसला पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी) बुजलाय. तो काढून कार्ब क्लीनरने आणि हवेच्या दाबाने साफ करायचा. सुई किंवा तार घालायची नाही, पितळेचं भोक मोठं झालं की जेट गेला. मिक्श्चर स्क्रू (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) काढायचा असेल तर आधी तो हलकेच शेवटपर्यंत बसवत फेरे मोजा, वहीत लिहा, मगच काढा. रेस दिल्यावर इंजिन गुरगुरतं पण वेग ठरावीक आकड्याच्या पुढे जात नसेल तर कार्ब्युरेटरच्या वरच्या झाकणाखालचा रबरी पडदा उजेडात धरून बघा. टाचणीएवढं भोकही पुरतं.

हँडल थरथरतं, गाडी डोलते

आधी सगळं सामान उतरवून तोच रस्ता तोच वेग चालवा. थरथर गेली तर दोष लगेजच्या मांडणीत आहे. जड वस्तू मागच्या टॉप बॉक्समध्ये, म्हणजे मागच्या चाकाच्याही मागे, टांगल्या की पुढचं चाक हलकं होतं. जड ते खाली आणि सीटच्या जवळ, दोन्ही बाजूंना सारखं.

रिकाम्या गाडीतही थरथर असेल तर थंड टायरमध्ये हवा मोजा आणि मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा. मग आरे. चाक हळू फिरवत प्रत्येक आऱ्यावर पान्याने हलकी टिचकी मारा. ताणलेला आरा खणखणतो, सैल आरा बद्द वाजतो. एखाद-दुसरा सैल असेल तर निपलला (आऱ्याच्या टोकाच्या नटाला) पाव फेरा पुरतो; चार-पाच असतील तर चाक काढून सेटिंगवाल्याकडेच न्या, घरी आवळलेली रिम हमखास वाकडी होते. २०१८ मध्ये आलेली थंडरबर्ड एक्स असेल तर अ‍ॅलॉय चाकं आणि ट्यूबलेस टायर आहेत, ही पायरी सोडा.

नंतर पुढचं चाक जमिनीवरून उचला. मेन स्टँडवर कोणाला तरी मागे वजन द्यायला सांगा. फोर्कची खालची टोकं धरून पुढे-मागे हलवा. 'खट' असं जाणवलं तर कोन सेट (हँडलच्या मुळाचं बेअरिंग) सैल आहे. हँडल दोन बोटांनी हळूहळू वळवा. अगदी सरळ स्थितीत ते खाचेत बसल्यासारखं अडकत असेल तर बेअरिंगच्या वाट्यांना खड्डे पडलेत, आवळून उपयोग नाही, सेट नवा टाकायचा. मग चाक वर-खाली धरून आडवं हलवा, खेळ असेल तर चाकाचं बेअरिंग. मागच्या चाकालाही तसंच, आणि तिथे स्विंगआर्मही (मागचं चाक धरणारा दांडा) बाजूला हलतो का बघा.

चेनचा सैलपणा एकाच जागी मोजून चालत नाही. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा. एका जागी पंचवीस-तीस मिलिमीटर आणि दुसरीकडे ताठ असेल तर चेन असमान ताणली गेलीय. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला. जुन्या दातांवर नवी चेन लवकर मरते. पुण्यात नाना पेठेत सगळं मिळतं, पण खोक्यावरचं नाव वाचून घेऊ नका, ओळखीच्या दुकानातून बिलासह घ्या.

तेल दिसतंय

या इंजिनावर थोडा ओलसरपणा दिसला की लोक घाबरतात. डिटर्जंटने धुऊन पूर्ण वाळवा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरवा आणि दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा. पावडरवर ओली रेघ जिथून सुरू होते तिथे गळती. पुढच्या स्प्रॉकेटजवळ दिसणारं काळं तेल बहुतेक वेळा चेनवर मारलेल्या स्प्रेचं असतं. तेलाची पातळी उजव्या बाजूच्या काचेच्या खिडकीत बघायची, गाडी सरळ उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटं थांबून. ग्रेड १५ डब्ल्यू ५०. थंड इंजिनातली सुरुवातीची टिकटिक हायड्रॉलिक टॅपेटमध्ये (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागात) तेल भरेपर्यंत असते. ती गरम झाल्यावरही राहिली तर तेलाची पातळी आणि वय बघा.

फोर्कच्या नळीवर तेलाचं कडं दिसलं तर सील बदलण्याआधी जुन्या कॅमेरा फिल्मसारखी पातळ, गुळगुळीत प्लास्टिकची पट्टी सीलच्या कडेने आत सारून गोल फिरवा. चिखलाचा कण अडकलेला असेल तर निघून येतो आणि गळती थांबते.

क्लच आणि ब्रेक

क्लचच्या दांडीला मुळाशी दोन-तीन मिलिमीटर खेळ हवा. खेळ नसेल तर क्लच घसरतो, जास्त असेल तर न्यूट्रल लागत नाही. दांडीच्या टोकाशी केबलची एकही तार सुटलेली दिसली तर नवी केबल आजच; जुनी नीट असेल तरी टूरसाठी एक नवी तिच्या शेजारी बांधून ठेवा.

ब्रेकबाबत घरी करायचं ते फक्त बघणं: पॅडची जाडी, टाकीतल्या द्रवाचा रंग, होजवर तडे. डॉट ४ द्रव ओलावा शोषतो, तो दोन वर्षांनी बदलायचाच. काळपट दिसला किंवा दांडी स्पंजासारखी दबली तर जाणत्या मेकॅनिककडे द्या. लांब उतारावर ओलावलेला द्रव उकळतो आणि दांडी हँडलला टेकते. इथे पैसे वाचवायचे नाहीत.

सुधारल्यावर

दुरुस्ती झाली की लगेच लांब निघू नका. पन्नास-साठ किलोमीटरची एक फेरी मारा, तीत थोडा चढ हवा. पुण्यातल्यांना सिंहगडाचा रस्ता आहे. परत आल्यावर उघडलेला प्रत्येक बोल्ट पुन्हा पान्याने तपासा, या इंजिनाच्या थरथरीने पहिल्या फेरीतच ढिला व्हायचा तो होतो. रेग्युलेटरचा कपलर हात लावून बघा, गरम लागला तर चार्जिंगची तिसरी पायरी परत करा. टूरच्या पिशवीत दोन प्लग, क्लच आणि ॲक्सिलरेटरची केबल, फ्यूज, एक ट्यूब, चेनचं लॉक लागत असेल तर तेही, आणि मीटर टाका.